पिस्तूल की रायफल

तुरीच्या शेंगा वाळत आल्या की वाऱ्यात त्यांचा आवाज सुरू होतो. खुळखुळ म्हणावं तर तेवढा मोठा नसतो. कुणीतरी लांब उभं राहून मुठीतले चार दाणे हलवावेत, एवढाच. आमच्या बंजारा तांड्याभोवती पौषात हाच आवाज असतो. सोयाबीन कधीच निघून गेलेलं, कापसाच्या पऱ्हाट्या बोडक्या होत आलेल्या, उभी असते ती तूर. माणसाच्या डोक्याहून उंच. सकाळी धुकं तिच्या शेंड्यांत अडकून बसतं आणि ऊन वर आलं तरी निघायला तयार नसतं. लहानपणी मला हाच हंगाम सगळ्यांत आवडायचा. आता तो नकोसा वाटतो. आर्णीहून तांड्यावर जाताना मी नजर रस्त्यावर ठेवते, दोन्हीकडच्या पिवळ्या शेतांकडे बघत नाही. पण आवाजाचं काय करायचं? कान झाकून स्कूटी चालवता येत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, ह्याच आवाजात, आमच्या घरात एकच प्रश्न होता. माझ्या धाकट्या बहिणीला, सोनलला, पिस्तूल घ्यायचं की रायफल.

ही शिकारीची किंवा पोलिसांची बंदूक नव्हे. दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, स्पर्धेची. दहा मीटरवर कागद लावलेला असतो, त्यावर काळा गोल, आणि त्या गोलाच्या मध्यावर शिशाचा बारीक छर्रा बसवायचा. पिस्तुलाची स्पर्धा वेगळी, रायफलीची वेगळी. सोनल दोन्ही चालवायची. आता राज्य स्पर्धेसाठी तिला स्वतःचं, चांगल्या प्रतीचं हत्यार हवं होतं, आणि ते एकच घेता येणार होतं. त्या वर्षीची सगळी तूर बाबांनी त्यासाठी बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. पीक शेतात उभं होतं, अर्धं अजून हिरवं, आणि त्याचं काय करायचं यावर आमची सारखी चर्चा चालायची. किती सुखाची चर्चा होती ती, हे तेव्हा कळलं नाही.

बंदुकीचं वेड तिला लागलं आर्णीच्या जत्रेत. चौथीत असेल. फुग्यांच्या दुकानासमोर बाबांनी मागून तिच्या खांद्याला बंदूक लावून दिली आणि म्हणाले, "श्वास रोक आन मंग दाब." तिनं एक फुगा फोडला, मग दुसरा, मग अख्खी वरची ओळ. दुकानदार हसत हसत बाबांना म्हणाला, "भाऊ, पोरीले घिऊन जा घरी. माहा धंदा बसवते हे." बाबा जत्राभर ते ज्याला त्याला सांगत फिरले. आमच्या घराण्यात पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घातलेले लोक होते. नंतरचे सगळे शेतकरी. बंदूक कुणाच्या हातात आली नव्हती. बाबांना वाटलं, पोरीच्या रूपानं काहीतरी नवीन घरात आलं.

पुढे मी शिक्षक झाले, आर्णीत खोली केली, आणि कॉलेजसाठी सोनल माझ्याकडे राहायला आली. यवतमाळात एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात मेश्राम सरांनी नेमबाजीचा वर्ग काढला आहे, असं तिला कुठून तरी कळलं. मेश्राम सर पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, थोडे स्थूल, थोडे तापट, आणि पोरांवर जीव टाकणारे. गोदामाच्या भिंतींना अजून सरकीचा वास होता. एका टोकाला लक्ष्यं लावलेली, दुसऱ्या टोकाला चार टेबलं. पत्र्यातून कवडसे पडायचे आणि त्या उजेडात कापसाचे जुने तंतू अजूनही तरंगत असायचे. सोनल एसटीनं जायची, संध्याकाळी परत यायची, आणि भाकऱ्या थापता थापता मला दिवसभराचं सांगायची.

मला त्यातलं जे समजलं ते असं. पिस्तूल धरताना नेमबाज लक्ष्याकडे खांदा करून उभा राहतो. एक हात लांब, पुढे, हवेत. दुसरा खिशात. त्या लांब केलेल्या हाताला कशाचाच आधार नसतो. पिस्तूल किलोभराचंच, पण ते सगळं वजन खांद्याच्या आणि मनगटाच्या मांसावर येतं. हृदयाचा ठोकासुद्धा टोकाशी दिसतो. रायफल त्याच्या कित्येक पट जड. पण तिला दोन हात, खांदा, गाल, आणि डाव्या हाताचं कोपर कमरेवर टेकवलेलं. अंगात जाड, ताठ, चिलखतासारखं जाकीट. "रायफल हाडावर ठेवायची असते, मासावर नाही," असं सर म्हणायचे. "पिस्तूल मात्र सारं मासावर."

सोनलचा जीव पिस्तुलावर होता.

त्या मार्गशीर्षातली एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. रविवार होता, आम्ही दोघी तांड्यावर गेलो होतो. याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, अंगणात चुलीवर तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडत ठेवल्या होत्या. बाबा खाटेवर, सोनल जमिनीवर पाय पसरून, मी उंबऱ्यात. शेंगांचा वाफाळता ढीग मध्ये आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय.

"बंदूक कशी बंदुकीसारकी दिसली पायजे," बाबा म्हणाले. "खांद्यावर घेतली त मानसानं दुरून वळखलं पायजे. रायफलच घे."

"बाबा, दुरून वळखायले मी का चौकीदारी करून राह्यली का?" सोनल हसत होती.

"लहान घे," याडी म्हणाली. "डब्यात मावते. एसटीत कोनी इचारनार नाही."

"पाह्य, याडीले समजते," सोनल म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, तू सांग. तू मास्तरीण."

मी विचारलं, "तुला कशात बरं वाटतं?"

तिनं शेंग दातानं सोलून दाणे तळहातावर घेतले. "रायफलीत मी कुठीतरी आत असते ना, ताई. जाकीट, पट्टा, सगळं बांधलेलं. पिस्तुलात मी अन ते गोल, मधात कायीच नाही. हात हालला त मीच हालली. मले ते आवडते."

हे बोलता बोलता तिच्या हातातले दाणे सांडले. आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. उकडलेल्या शेंगा निसरड्या असतात.

त्याच दुपारी, की पुढच्या रविवारी, तिनं मला उजवा दंड दाखवला. आम्ही शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, पाह्य, माही चामडी नाचून राह्यली." खरंच, दंडाच्या कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं. उथळ पाण्यात मासोळी वळसा घेते तसं. ती हात अजिबात हलवत नव्हती आणि ते आपलं आपण चाललेलं. आम्ही दोघी खूप हसलो. मी बोटानं दाबून धरलं तर ते दुसरीकडे उमटलं. सोनल म्हणाली, "सरावानं तयार झाला हात. आता त्यालेच गोळी मारायची घाई झाली." वारा होता, वाळलेल्या चार शेंगा वाजत होत्या, आणि ती बाही खाली ओढून उठली.

आजही माझ्या बोटाच्या टोकाला ती फडफड लागते. मी खडू धरते, भाजी निवडते, मुलांच्या वह्या तपासते, आणि मध्येच ते बोट मला परकं वाटतं. त्यानं तेव्हाच काही सांगायला हवं होतं असं वाटतं. पण बोटाला काय कळणार? मलाच काय कळणार होतं?

पिस्तुलाची मूठ लाकडाची असते आणि ती ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे घडवावी लागते. सरांनी वर्गातलं एक पिस्तूल सोनलसाठीच राखून ठेवलं होतं. त्याच्या मुठीवर लाकडाच्या भुश्याची लुगदी थापून, तिचा हात दाबून, वाळवून, कानशीनं घासून त्यांनी ती अशी बसवली होती की हात आणि मूठ यांच्यात कागद शिरणार नाही. सोनलला त्याचा फार अभिमान. "माह्या हाताचा साचा हाये तो," म्हणायची. मार्गशीर्ष सरत आला तशी ती कुरकुर करू लागली. मूठ सैल झाली म्हणे. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे तळहात सगळ्यांत मांसल असतो, तिथे पोकळी राहते म्हणे. सरांनी पुन्हा लुगदी लावली. पंधरवड्यात पुन्हा पोकळी.

एका शनिवारी मीही तिच्याबरोबर गोदामात गेले होते. सर मूठ उलटसुलट करून बघत होते. "मॅडम, लाकूड थंडीनं आटते, हे मी मानतो," ते मला म्हणाले. "पण इतकं? का हे पोरगी जेवत नाही? बारीक झाली हे."

"जेवते सर," सोनल म्हणाली. "याडी त तूप वाढून वाढून मारून टाकते मले."

"मंग हात वर कर."

तिनं पिस्तूल उचललं. नेहमी तिचा हात एकदा वर गेला की खुंटीला टांगल्यासारखा थांबायचा. त्या दिवशी तो थांबला, आणि मग हळूहळू, तिला नकळत, खाली उतरत गेला. छर्रा काळ्या गोलाच्या खाली, पांढऱ्या कागदावर बसला. तिनं पुन्हा उचललं. पुन्हा तसंच. तिच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

"जड लागून राह्यलं सर," ती म्हणाली. "कालपेक्षा जड लागते आज."

सर हसले. "पिस्तुलाचं वजन वाढते का? अती सराव झाला. आठ दिवस आराम कर."

आठ दिवस तिनं आराम केला. माझ्या खोलीत बसून कोमट पाण्यात हात शेकला. मोहरीच्या तेलानं मी तिचा हात चोळायचे. चोळताना मला अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा लागायची. दुसऱ्या हाताला तिथे उंचवटा होता, या हाताला खळगा. मी दोन्ही हात शेजारी ठेवून बघितले आणि म्हटलं, "एकाच हातानं सगळी कामं करतेस, म्हणून." काय म्हणत होते मी? ज्या हातानं काम करतात तो भरतो, झिजत नाही, हे कुणालाही कळतं. पण मनाला जे नको असतं त्याच्यासाठी ते पटकन कारण शोधतं. थंडी, तूप, सराव, लाकूड. त्या हिवाळ्यात आमच्या घरी कारणांचा तुटवडा नव्हता.

आणि मग तो प्रश्न आपोआप सुटला. पिस्तूल जड होतंय, तर रायफल घ्यावी.

हे तिनं स्वतः सांगितलं. संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. तुरीची कापणी चालू होती. बाबा विळा घेऊन ओळीत, मागे याडी पेंढ्या बांधत होती, आणि सोनल धुऱ्यावर उभी. पूर्वी ती कापायला पुढे असायची. त्या वर्षी विळा दोनदा तिच्या हातून गळाला म्हणून याडीनं तिला बाजूला काढलं होतं. ती म्हणाली, "बाबा, रायफल सांगा मंग."

बाबा उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "आली ना माह्या रस्त्यावर!"

"हो. ते हाडावर राह्यते. मांस थकते, हाड नाही थकत." ती हे फार हलक्या आवाजात बोलली. पेंढी बांधताना याडीनं मान वर केली आणि आमच्या गोर बोलीत विचारलं, "कांई वेगो?" काय झालं? सोनल म्हणाली, "कायी नाही. रायफल घ्यायचं ठरलं."

माझी धाकटी बहीण त्या दिवशी धुऱ्यावर उभी राहून आपल्या हाडांवर भिस्त ठेवत होती, आणि आम्ही सगळे खुश होतो. बाबांनी विळा खाली ठेवून तंबाखू मळली. वर आभाळ इतकं निळं होतं की त्याचा आता राग येतो.

रायफल आली ती होळीच्या आधी. नागपूरला जाऊन आम्ही दोघी घेऊन आलो. लांब काळी पेटी, आत फोम, त्यात ती शांत झोपलेली. एसटीत पेटी उभी ठेवली तर वरच्या सामानाच्या फळीला लागे, आडवी ठेवली तर वाटेत येई. कंडक्टर म्हणाला, "यात काय हाये?" सोनल म्हणाली, "तंबोरा हाये." "मंग एखांदं भजन होऊन जाऊ द्या," तो म्हणाला, आणि आख्खी गाडी हसली. रस्त्याकडेला पळस पेटले होते. पानं एकही नाही, नुसती केशरी फुलं. ती खिडकीला डोकं टेकून बघत होती. पेटीची कडी तिनं डाव्या हातात धरली होती. उजवा मांडीवर उताणा पडला होता, बोटं किंचित आत वळलेली, जणू त्यात काहीतरी ठेवलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी गोदामात. जाकीट चढवायला तिला वेळ लागला. बंद मी लावले. रायफलीची दांडी मागे ओढून छर्रा भरावा लागतो. ती दांडी तिला ओढवेना. सरांनी ते बघितलं. मी म्हटलं, "मी भरते, तू मार." मग असं झालं की मी दांडी ओढायची, छर्रा ठेवायचा, दांडी लोटायची, बाजूला व्हायचं, आणि सोनल गाल टेकवून, श्वास सोडून, थांबून, चाप दाबायची. जाकिटानं तिला उभं धरलं होतं. डाव्या हातावर सगळा भार. उजव्याचं काम फक्त एका बोटाचं.

कागद काढून आणला तेव्हा सरांनी तो कवडशात धरला. मध्यावर एकच भोक होतं, कडा फाटत फाटत थोडं मोठं झालेलं. सगळे छर्रे त्यातून गेले होते.

"हेच पायजे होतं," सर ओरडले. "पोरी, दोन वर्स वाया घातले तू त्या पिस्तुलात!"

तिनं जाकीट न काढताच मला मिठी मारली. कडक कॅनव्हास माझ्या छातीत रुतला. ती इतकी हसत होती की मलाही वाटलं, गेलं संकट. खरोखर, त्या दिवसाइतका आनंदी दिवस आमच्या वाट्याला आला नाही. होळीला तांड्यावर डफ घुमला, बाया फेर धरून गायल्या, बाबांनी मधोमध उभं राहून लेकीची रायफल पेटीसकट डोक्यावर धरून नाचवली. सोनल टाळ्या वाजवत होती. एक तळहात दुसऱ्यावर आपटत होता, दुसरा नुसता खालून झेलत होता. मी ते पाहिलं. फेरात कुणीतरी माझा हात ओढला आणि मी गात राहिले.

चैत्रात तिच्या डाव्या दंडाची कातडी नाचू लागली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी हात दाबून, ओढून, गुडघ्यावर रबरी हातोडी मारून बघितलं आणि नागपूरला जायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. नागपुरात तिच्या हातापायांत सुया टोचून, त्यांतून वीज सोडून, पडद्यावरच्या रेघा बघितल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी मला एकटीला आत बोलावलं, पण सोनल माझ्यामागे आलीच आणि खुर्ची ओढून बसली. डाव्या हातानं.

त्यांनी हळूहळू सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी असतात. त्या वाळत चालल्या आहेत. निरोप पोचला नाही की स्नायू आटतो. आधी एक हात, मग दुसरा, मग पाय, बोलणं, गिळणं. श्वासाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण वाक्य तिथे जाऊन थांबलं.

"गोळी हाये का?" सोनलनं विचारलं.

"आहे. वेग थोडा कमी करते."

"पिस्तूल धरल्यानं झालं?"

"नाही, नाही."

"रायफलीनं?"

"नाही. यातल्या कशानंच नाही. सराव केला म्हणून नाही, खाल्लं-प्यायलं त्यानं नाही."

"मंग कायनं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आम्हाला माहीत नाही," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली. उन्हाळा सुरू झाला होता, लिंबाचा मोहर खाली पडत होता. मला रडू आवरत नव्हतं. ती म्हणाली, "ताई, ते म्हनले कायनंच नाही. म्हंजे आपन दुसरं कायीबी घेतलं असतं तरी हेच." मी मान हलवली. "मंग आपन इतके दिवस ठरवत काय होतो वं?"

मी तिचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला.

पुढचं सविस्तर सांगायची माझ्यात ताकद नाही, आणि सांगून कुणाचं काही भलंही होणार नाही. ती दोन पावसाळे आणि दोन हिवाळे जगली. पहिल्या हिवाळ्यात ती अंगणात खुर्चीवर असायची आणि याडी शेंगा सोलून दाणे तिच्या तोंडात घालायची. दुसऱ्या हिवाळ्यात दाणे वाटून पातळ करून. तिचं बोलणं आधी जड झालं, मग फक्त मला आणि याडीला कळेल असं, मग फक्त याडीला. सर दर महिन्याला यायचे, खुर्चीजवळ बसायचे, गोदामातल्या नव्या पोरापोरींचं सांगायचे, आणि जाताना तांड्याच्या बाहेर गाडी थांबवून आतच बसायचे. मी ते एकदा पाहिलं. तो तापट माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

तिसरा पावसाळा लागता लागता ती गेली. ती आंघोळीनंतर खाटेवर पडली होती, याडी तिचे केस विंचरत होती. श्वास लहान लहान होत गेला. विंचरणारा हात थांबला नाही, म्हणून आम्हाला उशिरा कळलं.

रायफल अजून बाबांच्या खाटेखाली आहे. सरांनी एकदा विचारून पाहिलं, एखाद्या होतकरू पोरीला द्यायची का. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. पेटी ते उघडत नाहीत, पण कुणाला सरकवूही देत नाहीत. दसऱ्याला त्यावर आपट्याची दोन पानं ठेवतात.

याडीनं मात्र वेगळाच ध्यास घेतला. सोनल गेल्यापासून ती मला एकच गोष्ट विचारायची. भाकरी करताना, विहिरीवर, आर्णीच्या बाजारात, कुठेही.

"सुनीता, ते एका हातानं धरायची लहान बंदूक. तिच्यानंच गेला ना सोनलचा हात? तिनंच शोसून घेतलं ना सारं मांस?"

मी दर वेळी समजावून सांगायचे. पेशी, निरोप, स्नायू, डॉक्टर काय म्हणाले ते. बाबाही सांगायचे. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. "पयलेच मोठी घेतली असती त वाचली असती का? मोठी हाडावर राह्यते म्हनत होती ते." तिचं जेवण तुटलं, झोप तुटली. एवढी धडधाकट बाई वाळून कोळ झाली. मला वाटायला लागलं, कारण नसलेलं मरण हिला पेलवत नाही. आम्हाला तरी कुठे पेलवतं आहे? पण आम्ही दोन बुकं शिकलेले, आम्ही 'माहीत नाही' या शब्दांशी कसंबसं जुळवून घेतलं. तिला काहीतरी हातात धरायला हवं होतं.

मागच्या हंगामात, तूर झोडपायच्या दिवसांत, मी तांड्यावर गेले होते. अंगणात वाळलेल्या पेंढ्यांचा ढीग. बाबा काठीनं झोडपत होते, याडी सुपानं पाखडत होती. फोलपटं उडत होती. पाखडता पाखडता सूप थांबलं.

"सुनीता, त्या लहान बंदुकीनंच गेला ना तिचा हात?"

मी थकले होते. खूप थकले होते. मी म्हटलं, "हो याडी. तिच्यानंच."

मला वाटलं, आता ती निवेल. हातातलं सूप खाली ठेवेल, एकदाची रडेल, आणि मग कधीतरी घासभर जेवेल. सूप तिनं खाली ठेवलं खरं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे.

"मंग तुमी दोघं काहून चूप बसले?" ती म्हणाली. "तुमाले मालूम होतं ना? घरात कर्ते मानूस तुमी. तुमी काहून नाही थांबवलं तिले?"

बाबांची काठी वरच राहिली.

"याडी," मी म्हटलं, "खोटं बोलले गं मी. डॉक्टर म्हणाले तेच खरं आहे. कशानंच नाही झालं ते."

"आता कायले फिरवून राह्यली?" तिचा आवाज चढला नाही. "एकडाव खरं बोलली ना तू."

मी बाबांकडे पाहिलं. ते काही बोलतील, मला साथ देतील, दोघांनी मिळून तिला पुन्हा समजावू, असं वाटलं. त्यांनी काठी हळूच खाली टेकवली. त्यांचं तोंड फोलपटांनी पांढुरकं झालं होतं.

"राहू दे सुनीता," ते म्हणाले. "राहू दे माह्यावर."

त्याला आता वर्ष होत आलं. याडी बाबांना भाकरी वाढते, पाण्याचा तांब्या भरून ठेवते, आजारी पडले तर काढा करून देते. बोलत नाही. मला तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारलेला नाही.